पहिल्या वर्षाला ‘जागतिकीकरण’ शिकवायचं आहे, पहिले चार-पाच तास कसे घ्यावेत?

तास_तिसरा

नव्या शैक्षणिक आराखड्यात पहिल्या वर्षासाठी ‘जागतिकीकरणाची ओळख’ हा ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याही शाखेच्या मुलांना घेता येणारा विषय, आला आहे. २ क्रेडिट, म्हणजे ३० तास. वर्गात साधारण ७० मुलं. निम्मी कॉमर्सची, बाकी आर्ट्स आणि सायन्सची. माध्यम मराठी. प्रोजेक्टर आहे, पण मिळेल तेव्हा. संगणक कक्ष मिळणार नाही असंच धरून चालतो.

अभ्यासक्रमाचं पहिलं युनिट नेहमीचं: अर्थ, व्याख्या, स्वरूप, वैशिष्ट्ये, फायदे-तोटे. ते तसंच शिकवलं की उत्तरपत्रिकेत काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘जग हे एक खेडे झाले आहे’, ‘जागतिकीकरण १९९१ साली सुरू झाले’, पाच फायदे, पाच तोटे, समारोप. सगळी बारावीच्या गाइडची भाषा.

व्याख्येपासून सुरुवात करायची नाही एवढं नक्की केलं आहे. मग कुठून करावी? आकडेवारी किती आणि कोणती दाखवावी? अंतर्गत मूल्यमापनाला इंटरनेटवरून उतरवता येणार नाही असं काय देता येईल? ज्यांनी हा विषय हाताळला आहे त्यांनी तपशिलात लिहिलं तर बरं होईल.

---

फराळी_मिसळ

पहिला तास साबुदाण्याच्या खिचडीवर घ्या. गंमत म्हणून सुचवत नाही, ५० मिनिटांत नीट बसतो.

फळ्यावर साहित्य मुलांकडूनच लिहून घ्यायचं: साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची, बटाटा, जिरं, तूप, मीठ, चवीला साखर. मग एकच प्रश्न. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, त्या वर्षी यातलं काय काय आपल्या स्वयंपाकघरात होतं? हात वर करायला लावायचे आणि प्रत्येक पदार्थापुढे मतांचा आकडा टाकायचा. मिरचीला जवळजवळ सगळा वर्ग हात वर करतो. मग एकेक पुसत जायचं. मिरची मेक्सिकोकडची. बटाटा अँडीज पर्वतातला. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा आज ज्या कंदापासून होतो तो कसावा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. जिरं पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं, पण फार जुनं. फळ्यावर उरतात तूप, मीठ, साखर आणि ते जिरं. उपवासाला भात-पोळी चालत नाही, अमेरिकेतून आलेली चार पिकं मात्र बिनदिक्कत चालतात, हे वर्गाच्या लक्षात आलं की पुढची दहा मिनिटं मास्तरांनी गप्प बसावं.

इथे थांबलात तर ती नुसती प्रश्नमंजूषा होते. तासाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात साबुदाण्याला धरून पुढे जायचं. ‘साबू’ हा शब्द मूळ मलय भाषेतल्या ‘सागू’वरून आला. पूर्वी हे दाणे आग्नेय आशियातल्या सागू नावाच्या ताडाच्या बुंध्यातल्या पिठापासून होत आणि मलाया-सिंगापूरकडून आपल्याकडे येत. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं आणि ती आवक आटली. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्यापासून तसेच दाणे पाडायला सुरुवात झाली, आणि आजही आपला साबुदाणा प्रामुख्याने तिकडूनच येतो. म्हणजे नाव एका झाडाचं, वस्तू दुसऱ्या झाडाची आणि कारखाना तिसऱ्याच्या युद्धामुळे उभा राहिलेला.

शेवटच्या दहा मिनिटांत वहीत तीन रकाने आखून घ्या: वस्तू कुठून आली, कोणाच्या जोरावर आली (व्यापारी, गलबत, राजसत्ता, युद्ध), आणि आज तिचा भाव कुठे ठरतो. तिसरा रकाना बहुतेकांचा कोराच राहतो. राहू द्या, पुढच्या तासाची सोय होते.

दोन ठिकाणी घसरतं. एक, ‘म्हणजे आपलं काहीच नाही का?’ हा सूर लागतो आणि कधीकधी त्याला श्रद्धेचाही रंग चढतो. तेव्हा शब्दांकडे वळावं. मिरी आपली, तिच्यावरून नव्या तिखट फळाला ‘मिरची’ म्हटलं. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांकडून, पगार आणि चावीही त्यांच्याकडूनच. बाहेरचं आलं आणि इतकं मुरलं की उपवासाच्या यादीत जाऊन बसलं, चर्चा या मुरण्यावर आणायची. दोन, मुलं उत्साहाच्या भरात सगळंच परदेशी ठरवू लागतात, अगदी हळद आणि तीळसुद्धा. त्यासाठी पक्की माहिती असलेली आठ-दहा नावं आधीच काढून ठेवा आणि बाकीच्यांना ‘शोधून या’ म्हणा.

---

आखूड_धागा

खिचडीचा तास छानच आहे, पण तिच्यावर युनिट उभं राहणार नाही. पिकं एका खंडातून दुसऱ्या खंडात गेली म्हणजे जागतिकीकरण झालं, असं सांगितलं तर रेशीम मार्गापासून सगळंच त्यात बसतं आणि शब्दाला काही धारच उरत नाही. माल फिरणं वेगळं आणि भाव एकमेकांना बांधले जाणं वेगळं. पहिल्या वर्षाच्या मुलाला हा एक फरक कळला तरी ३० तास सार्थकी लागले. वरच्या तिसऱ्या रकान्याचं उत्तरही त्यातच आहे.

दुसरा तास म्हणून १८६१ ते १८६५ चा कापूस घ्या. आपल्या मातीतलं याहून चांगलं उदाहरण नाही.

इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचे चार भाग केले तर जवळपास तीन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून जायचे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लिव्हरपूलचा बाजार आपल्या कापसाकडे वळला. आपला माल आखूड धाग्याचा, कचरा जास्त. तिकडचे कामगार ‘सुरत’ कापसाच्या नावाने बोटं मोडायचे, पण दुसरा पर्याय नव्हता. भाव चढले. मुंबईत पैसा इतका आला की समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात गेला. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. भाव कोसळले, आणि १ जुलैला सौद्यांची पूर्तता करायची वेळ आली तेव्हा मुंबईतल्या भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. कापूस आणि शेअर बाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद त्यातलेच. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीचा, हे सांगितलं की मुंबई पाहिलेली मुलं कान टवकारतात.

वर्गात करायची पद्धत अशी. सहा चिठ्ठ्या तयार करा, तारखा न लिहिता: ‘अमेरिकेत बंदरं अडवली’, ‘लिव्हरपूलला कापूस महाग’, ‘वऱ्हाडात कपाशीचा पेरा वाढला’, ‘मुंबईत शेअर चढले’, ‘ली शरण’, ‘बँका बुडाल्या’. सात-आठ जणांचा एक गट, प्रत्येक गटाला सहाही चिठ्ठ्या. क्रम लावायचा आणि दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये बाण काढून त्यावर ‘ही बातमी किंवा हा पैसा कसा पोहोचला’ ते लिहायचं. खरं काम बाणांवर आहे. मालाचं जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाई, कारण सुएझ कालवा १८६९ चा. भारत-युरोप तारयंत्राची लाईन १८६५ च्या सुरुवातीला जोडली गेली. म्हणजे तेजी चढली तेव्हा बातमी बोटीने येत होती आणि उतरली तेव्हा तारेनेही येऊ शकत होती. वेग वाढला म्हणून धोका कमी झाला का, हा प्रश्न तिथेच विचारायचा.

पुढे एक सापळा आहे. बरीच टिपणं इथून थेट १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर उडी मारतात: कापूस पडला, शेतकरी कर्जात गेला, १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकाराच्या वह्या जाळल्या. एवढी सरळ रेघ ओढू नका. सुपे, शिरूर हा भाग मुळात कपाशीचा नाही. फेरआकारणीत वाढलेला सारा, आटलेलं कर्ज, सावकारांच्या बाजूने झुकलेली दिवाणी कोर्टं, अशी बरीच कारणं एकत्र आली होती. कापसाचा भाव त्यातलं एक. मुलांना सोपी गोष्ट आवडते आणि तीच परीक्षेत पाठ येते, म्हणून हे आधीच बजावलेलं बरं.

विदर्भातलं कॉलेज असेल तर खामगाव विसरू नका. कापसासाठी तिथे रेल्वेची शाखा काढली आणि १८७० मध्ये तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला. एका तालुक्याच्या बाजारपेठेला व्हाईसरॉय का येतो, या एका प्रश्नावर अर्धा तास जातो.

---

आयात_निर्यात_नाका

वर १९९१ चा उल्लेख आला आहे, त्याबद्दल लिहितो.

‘खाउजा’ हा आपला लाडका शब्द. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. तिन्ही एका दमात म्हटल्यामुळे मुलांना ते एकाच गोष्टीचे तीन भाग वाटतात. पहिलं काम ते सुटे करणं. फळ्यावर तीन वर्तुळं काढा, एकमेकांना थोडी छेदणारी, आणि उदाहरणं मुलांना जागेवर टाकायला सांगा.

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांचे परवाने काढले: उदारीकरण. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली: खासगीकरण, आणि घेणाराही देशीच. १९७३ नंतर तेलाचा भाव भडकला आणि आखाती देशांत कामाला माणसं जायला लागली: अर्थव्यवस्था दारं लावून बसलेली असतानाही जागतिकीकरण. मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली, कंपनी सरकारी आणि भागीदार जपानची सुझुकी. ती कुठल्या वर्तुळात टाकायची यावर वर्गात भांडण होतं, ते होऊ द्या. कोका-कोला १९७७ मध्ये गेली आणि १९९३ मध्ये परत आली, हे एक उदाहरण दार लावणं आणि उघडणं या दोन्हींसाठी पुरतं.

१९९१ सांगताना कारणाचा क्रम चुकवू नका. ‘सरकारने जागतिकीकरण स्वीकारले’ हे वाक्य ऐकायला असं वाटतं की कुणी ठराव मांडून मंजूर केला. परकीय चलन आटलं होतं, जुलैत जवळपास ४७ टन सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं, १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि त्या महिन्याच्या अर्थसंकल्पाने आयात शुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणली. हे ‘खाली आणून’ १५०, म्हणजे आधी काय असेल याचा अंदाज मुलांनाच करू द्यावा. आणि गॅट या आयात शुल्क व व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९४७ मध्ये सह्या करणाऱ्या २३ देशांत भारत होता, हेही याच तासात सांगावं. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली आणि आपण त्यात ‘ढकललो गेलो’, हा समज त्याने जरा हलतो.

आता नाक्यावरचं खरं उदाहरण, कांदा. जागतिकीकरण म्हणजे सरकारचा हात सुटणं, असं मुलं लिहितात. कांद्याच्या तारखा फळ्यावर मांडा. ऑगस्ट २०२३: निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबर २०२३: निर्यातबंदी. ४ मे २०२४: बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात निर्यात करता येत नाही) आणि वर ४० टक्के शुल्क. सप्टेंबर २०२४: किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५: शुल्क शून्य. नळ दिल्लीच्या हातातच आहे, फक्त पाईप आता ढाका, दुबई आणि क्वालालंपूरपर्यंत गेला आहे.

यावर आकड्यांचा सराव हवा असेल तर पणन मंडळाच्या संकेतस्थळावर लासलगावचे रोजचे भाव मिळतात. नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ चे उतरवून झेरॉक्स वाटा. तीन ठिकाणी मुलं हमखास चुकतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात, आलेख सर्वसाधारण भावाचाच काढायचा. कमाल भाव एखाद्या ट्रॉलीलाही मिळालेला असू शकतो. दुसरं, उन्हाळ कांदा आणि लाल कांदा यांची एकच रेघ काढायची नाही. चाळीत ठेवलेला उन्हाळ नोव्हेंबरात संपत आलेला असतो आणि खरिपाचा लाल बाजारात उतरत असतो, तो टिकत नाही म्हणून लगेच विकावा लागतो. तिसरी चूक यातूनच निघते. डिसेंबरातली सगळी घसरण बंदीच्या माथी मारली जाते. नव्या मालाच्या आवकेने भाव तसाही उतरतोच. म्हणून आदल्या दोन वर्षांचे त्याच आठवड्यांचे भाव शेजारी मांडायचे आणि मग ‘नेहमीपेक्षा किती जास्त घसरला’ ते विचारायचं.

---

तास_तिसरा

साबुदाणा, कापूस, खाउजा आणि कांदा. चार तास झाले की! एक शंका. कॉमर्सची मुलं ‘निर्यात वाढली म्हणजे देश पुढे गेला’ इथून हलत नाहीत. त्यांच्यासाठी काय? आणि मूल्यमापनाचं राहिलंच.

---

गोदी_नंबर_सात

कॉमर्सच्या मुलांना पेटी दाखवा, म्हणजे कंटेनर.

खडूने वर्गाच्या जमिनीवर २० फूट लांब आणि ८ फूट रुंद चौकोन आखा, उंची साडेआठ फूट धरा. जगभरची बंदरं याच मापात मोजतात. ही पेटी येण्याआधी गोदीत पोतं, खोकं, पिंप वेगवेगळं चढायचं, जहाज आठवडाभर धक्क्याला लागून असायचं आणि वाटेत चोरी ठरलेली. २६ एप्रिल १९५६ ला ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. टनामागे माल चढवायचा खर्च ५ डॉलर ८६ सेंटवरून १६ सेंटच्या आसपास आला, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. हा एकच आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवा. वाहतूक इतकी स्वस्त झाली की एकच वस्तू पाच देशांत तुकड्यातुकड्याने बनवणं परवडायला लागलं. आपल्याकडे न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि मुंबईच्या जुन्या धक्क्यांवरचं काम हळूहळू खाडीपलीकडे गेलं.

तुमच्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर या तुकड्यांत आहे. २००९ च्या सुमाराचा आयफोन चीनमधून बाहेर पडताना त्याची कारखाना किंमत सुमारे १७९ डॉलर होती, आणि निर्यातीच्या खात्यात ती सगळी चीनच्या नावावर पडत होती. त्यातले चीनमधल्या जुळणीचे होते साडेसहा डॉलर. बाकीचे सुटे भाग जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका असे कुठकुठले. आता विचारा: निर्यात किती झाली, १७९ की साडेसहा? ‘निर्यात’ आणि ‘मूल्यवर्धन’ हे दोन शब्द इथेच द्यायचे, आधी नाही.

मग जागतिक बँकेच्या खुल्या आकडेवारीतला एक तक्ता: एकूण आयात-निर्यात भागिले देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी), टक्क्यांत. भारत १९९० च्या सुमारास १५-१६ टक्के, २०१२ मध्ये ५५ च्या वर, नंतर खाली. अमेरिका २५ च्या आसपास. सिंगापूर ३०० च्या वर. तीनशे बघून वर्ग म्हणतो, चूक आहे, शंभराच्या वर टक्के कसे जातील? चूक नाही. भागाकारात वर पूर्ण मालाची किंमत आहे, येतानाची आणि जातानाची, आणि खाली फक्त देशात पडलेली भर. आयफोनचं उदाहरण आधी झालेलं असेल तर दोन-तीन मुलं हे स्वतःच सांगतात. आयफोनआधी तक्ता दाखवलात तर कुणालाच कळत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका. हाही तक्ता ‘ज्याचा आकडा मोठा तो जास्त जागतिक’ असा वाचायचा नाही. मोठ्या देशाचा बराच व्यापार घरातल्या घरात होतो, म्हणून अमेरिकेचा आकडा लहान दिसतो.

जोडीला द्राक्ष. नाशिकचं द्राक्ष युरोपला जातं तेव्हा औषधाचा अंश किती चालेल ते दिल्ली ठरवत नाही, युरोपीय संघ ठरवतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून आपले कंटेनर तिकडे अडकले होते, कारण इकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. भाव कोण ठरवतं याच्या शेजारी ‘नियम कोण ठरवतं’ हा चौथा रकाना वहीत वाढवून घ्या.

---

पलीकडचा_पत्ता

वस्तूंवर सगळं झालं, माणसं कुठे आहेत? एक तास स्थलांतराला ठेवा. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर १८३४ पासून करारावर मजूर गेले, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती आणि त्यांचे वंशज आज तिथे मराठी समाज म्हणून नांदतात. तिथून सरळ आजच्या पैशावर या.

रिझर्व्ह बँक अधूनमधून पाहणी करते, परदेशातून येणारा पैसा कोणत्या राज्यात किती जातो याची. २०१६-१७: केरळ १९ टक्के, महाराष्ट्र १६.७. २०२०-२१: केरळ १०.२, महाराष्ट्र ३५.२. २०२३-२४: केरळ १९.७, महाराष्ट्र २०.५. एवढाच तक्ता द्या आणि विचारा, चार वर्षांत महाराष्ट्रातून दुप्पट माणसं परदेशी गेली आणि पुढच्या तीन वर्षांत परत आली का? मग सांगा की ही पाहणी बँकांची आहे, घरोघर जाऊन केलेली नाही. आकडा कोणाला विचारून आला, हा प्रश्न एकदा अंगवळणी पडला की तिन्ही वर्षं उपयोगी पडतो.

---

फराळी_मिसळ

मूल्यमापनाबद्दल. ‘वस्तूचा माग’ नावाचं एक काम द्या, २० गुणांचं, हाताने लिहिलेलं, ६०० शब्दांत. मोबाइल, जीन्स आणि कॉफी यांना मनाई करा. त्यांच्यावर इंटरनेटवर तयार निबंध पडलेले आहेत. त्याऐवजी यादी द्या:

हिंग. कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. आपल्याकडे लागवडीची सुरुवातच ऑक्टोबर २०२० मध्ये लाहौलला झाली. तूरडाळ. म्यानमार आणि मोझांबिक, आणि मोझांबिकशी २०१६ मध्ये झालेला सरकारी करार. पामतेल. इंडोनेशियाने एप्रिल-मे २०२२ मध्ये निर्यात जवळपास महिनाभर थांबवली होती, तेव्हाचे किराणा दुकानातले भाव घरच्यांना आठवत असतील. उदबत्ती. ही सर्वांत चांगली. बांबूची काडी व्हिएतनाम आणि चीनकडून यायची, ऑगस्ट २०१९ मध्ये तयार उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि जून २०२० मध्ये बांबूवरचं आयात शुल्क १० वरून २५ टक्के झालं. पोटॅश खत. शेतकरी घरातल्या मुलांसाठी.

गुणांची वाटणी अशी ठेवा. दुकानदार, अडत्या किंवा कृषी केंद्रवाला यांपैकी एकाची मुलाखत, पाच प्रश्न आणि त्याची उत्तरं त्याच्याच शब्दांत: ६ गुण. वहीतले चार रकाने भरून: ८ गुण, प्रत्येकी २. एक धोरण किंवा घटना आणि तिचा भावावर झालेला परिणाम, तारखेसह: ४ गुण. ‘हे मला कळू शकलं नाही’ असा एक परिच्छेद: २ गुण. मुलाखत नेटवर सापडत नाही, त्यामुळे कॉपीचा प्रश्न बराच सुटतो. दोन मुलांनी एकाच दुकानदाराला गाठलं तर उत्तरं जुळवून बघता येतात.

अडचण येते ती पाकिटावरच्या मजकुरात. आयात होऊन थेट विकल्या जाणाऱ्या मालावर मूळ देश छापलेला असतो, पण तेल इथे शुद्ध करून आणि डाळ इथे भरडून विकली की पाकिटावर तो सापडेलच असं नाही. मुलं ‘भारत’ लिहून मोकळी होतात. म्हणून पाकिटावर न थांबता ‘तुमच्याकडे हा माल कोणत्या बाजारातून आला, आणि त्यांच्याकडे कुठून’ हे दोन प्रश्न मुलाखतीत सक्तीचे ठेवा.

---

आखूड_धागा

यादीत सरकीची पेंड किंवा कापसाची गाठ टाका, विदर्भ-मराठवाड्यातली मुलं घेतील. आणि फायदे-तोटे हा प्रश्न विद्यापीठाच्या पेपरात येणारच, त्याला पर्याय नाही. मात्र वर्गात तो विचारताना ‘कोणाला’ आणि ‘कधी’ हे दोन शब्द जोडून विचारा: डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीचा फायदा कोणाला झाला? पुण्यातलं गिऱ्हाईक, येवल्याचा शेतकरी, न्हावाशेव्याला कंटेनर भरून बसलेला निर्यातदार आणि ढाक्याचा किरकोळ दुकानदार, असे चार गट पाडा. प्रत्येकाला दहा मिनिटं.

---

तास_तिसरा

चिठ्ठ्या आजच कापतो. पहिल्या तासाला वाटीभर साबुदाणा आणि जमलं तर कसाव्याचा एक कंद नेईन. तो इकडच्या बाजारात कुठल्या नावाने मागायचा?

---

फराळी_मिसळ

टॅपिओका म्हणून मागा, केरळी दुकानात ‘कप्पा’ म्हटलं की देतील. वर्गात कच्चा चाखू मात्र देऊ नका. त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, ती सोलून, भिजवून, नीट शिजवल्यावरच जातात.